बादशहाचा हात

ता. २ ऑक्टोबर १८९९, सोमवार

डॉक्टरसाहेब म्हणाले, "मुकादम, साथीच्या दिवसांत रोजचं रोज लिहून ठेवत जा, नाहीतर कालचा दिवस कुठला आणि आजचा कुठला हेच कळेनासं होतं." खरं आहे त्यांचं. काल वार कोणता होता हे मला सकाळी बायकोला विचारावं लागलं. तेव्हा आजपासून लिहितो.

एका सरदारांच्या पागेत घोडे आणि माणसं शिकवण्यात माझं आयुष्य गेलं. एका अवखळ शिंगराने उजवं मनगट मोडलं, तेव्हापासून या हातात लगाम ठरत नाही. म्हणून आता तांगेवाल्यांचा मुकादम. आमच्या अड्ड्याची रीत अशी की नव्या गाडीवानाने आधी मला गाडी हाकून दाखवायची, आकाराम मुकादम 'तयार' म्हणाला तरच बिल्ला मिळायचा. यात मी भीडभाड ठेवत नाही, हे साऱ्या पेठेला ठाऊक आहे. सख्ख्या मेहुण्याला मी दोनदा परत पाठवला होता, त्यावरून बायको अजून बोलते.

गाठीच्या तापाने मंगळवार पेठ निम्मी मोकळी झाली आहे. घरांना कुलपं लावून माणसं माळावर झोपड्या घालून राहिली आहेत. जे आजारी पडतील त्यांना गाडीत घालून माळावरच्या दवाखान्यात पोचवायचं. बाकीचे गाडीवान आपापल्या गावी निघून गेले. नावं ठेवत नाही, जीव सगळ्यांनाच प्यारा. मागे राहिला एकटा लालासाब. सकाळपासून दिवे लागेपर्यंत तोच एक फेऱ्या मारतो.

लालासाबचा मुलगा बादशहा सोळा वर्षांचा. माझ्या हाताखाली शिकतो. डॉक्टरसाहेबांनी विचारलं, "हा मुलगा तयार झाला तर दुसरी गाडी सुरू करता येईल. कधी होईल?" मी म्हटलं, परीक्षा घेतो आणि सांगतो.

ता. ४, बुधवार

आज परीक्षा घेतली. आजाऱ्याच्या काखेत नाहीतर जांघेत गाठ असते. गाडीला हिसका बसला की तो माणूस गुरासारखा ओरडतो. म्हणून मी या गाडीसाठी वेगळी परीक्षा काढली आहे. मागे भाताचं पिंजर पसरायचं, त्यावर तोंडोतोंड भरलेली घागर ठेवायची आणि पेठेतल्या बोळांतून फिरवून आणायची. जो बोळ वळायला पुरत नाही, तिथून गाडी मागे रेटत बाहेर काढायची.

बादशहाने गाडी काढली. घोडी मैना. पाणी सांडलं म्हणण्यासारखं सांडलं नाही. शिंप्याच्या बोळातून गाडी मागे घेताना तर मलाही कळलं नाही चाक कधी फिरलं ते. हात लोण्यासारखा आहे पोराचा. पण एक खोड दिसली. तो घोडीशी बोलत राहतो. "चल बाय, हळू, आता खड्डा हाय बग." गाडीवानाने तोंड मिटून हाकावं. मी म्हटलं, "अजून कच्चा आहेस."

त्याचं तोंड उतरलं. "व्हय मामा," एवढंच म्हणाला.

तिन्हीसांजेला लालासाब आला. "झाला का पोरगा तयार?"

"न्हाय अजून."

त्याने खांद्यावरच्या रुमालाने तोंड पुसलं. "बरं. बरं झालं. घाई न्हाय काय." समंजस माणूस. दुसरे बाप पोराला पुढे ढकलायला बघतात.

ता. ९, सोमवार

पुन्हा परीक्षा घेतली. आज पोरगा मुकाट हाकत होता. घागर तशीच्या तशी आली. पण मैनेला थांबवताना डावा हात जरा जड पडतो असं मला वाटलं. आता बारीक वाटतं, पण अशा बारीक गोष्टीच पुढे माणसाला खड्ड्यात घालतात. कच्चा आहे असं सांगितलं.

घरी आलो तर बायको, बयाबाई, भाकरी थापत म्हणाली, "परवा तर लोण्यावानी हात हाय म्हणून सांगत हुतासा. लोणी येवड्यात नासलं व्हय?"

मी म्हटलं, तू तुझी भाकरी बघ. ती कसली गप्प बसते. "तुमाला त्येला पास करायचाच न्हाय," म्हणाली. बायकांना सगळीकडे काहीतरी दिसतं. पास करायचा नसता तर मी परीक्षा कशाला घेतली असती?

बादशहा आमच्याकडेच जेवला. तीन भाकरी आणि खरडा. आम्हाला मूलबाळ नाही, त्यामुळे या घरात कुणी असं पोटभर जेवताना बघायला मिळत नाही. बयाबाई त्याच्या ताटात चौथी टाकायला गेली तर तो लाजून उठला.

ता. ११, बुधवार

डॉक्टरसाहेबांनी परत विचारलं. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, तशातली त्यांची गत. मी म्हटलं, साहेब, नाडी तुम्ही बघा, लगाम मी बघतो.

लालासाबने आज पाच माणसं नेली. त्यात एक बाई माळाच्या चढावर गाडीतच गेली.

ता. १४, शनिवार, दसरा

दसरा म्हणायचा. अड्ड्यावर एकच गाडी, तिला झेंडूची माळ घातली. बादशहा आपट्याची पानं घेऊन आला, आम्हा दोघांच्या पाया पडला. त्याच्या मागोमाग त्याची आई नजीरा. कधी उंबऱ्याच्या आत न येणारी बाई, आज सरळ सोप्यात येऊन बसली.

"भाऊ, पोराला पास करा," म्हणाली. "ह्यांच्याच्यानं आता हुईना. रातीला पाठ टेकली की कण्हत्यात. दोन माणसांचं काम एकला माणूस किती दिस ओडंल? माझा ल्योक बसून हाय आन् नवरा मरतोय, ह्ये बगवत न्हाय मला."

मी म्हटलं, "नजीराबाई, पोराचा हात कच्चा हाय. म्या उद्या त्येला गाडीवर बसवला आन् काय बरंवाईट झालं, तर माझ्याच दारात येशील."

ती उठली. दारात थांबून म्हणाली, "त्येनं काय चुकतंय त्ये तरी त्येला नीट सांगा. पोरगं झोपत न्हाय."

काय चुकतं ते मी सांगतोच की. हात जड आहे, म्हणून सांगितलं आहे. वळणावर घाई करतो, तेही सांगितलं आहे. आजपासून तर वळणाआधी थांब आणि माझ्याकडे बघ, मी मान हलवली की मगच वळ, अशी नवी शिस्त लावली.

ता. १७, मंगळवार

आज घागर सांडली. निम्मं पाणी पिंजरात गेलं.

नव्या शिस्तीप्रमाणे तो प्रत्येक वळणाशी थांबत होता. थांबला की माझ्याकडे बघायचा, माझ्याकडे बघताना लगाम ओढला जायचा, आणि मैना बावचळायची. शिंप्याच्या बोळात चाक भिंतीला घासलं. मी इतके दिवस जे म्हणत होतो ते खरं ठरलं. मला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. जेवणही गेलं नाही.

बयाबाई सांगत होती, अंधार पडेपर्यंत तो घोडीला खरारा करत बसला होता आणि मधेच मैनेच्या मानेत तोंड खुपसून रडत होता. मी म्हटलं, रडू दे. आम्ही शिकताना काय कमी रडलो?

ता. २०, शुक्रवार

लालासाब फार वाळला आहे. दुपारी गाडीच्या दांडीवर बसल्या बसल्या झोपला होता. मी हलवून उठवला, विहिरीवर नेऊन तोंड धुवायला लावलं. डॉक्टरसाहेबांनी इतकं सांगूनही त्याने गाठीच्या तापाची लस टोचून घेतली नाही. टोचलं की दोन दिवस ताप येतो, तेवढे दिवस गाडी कोण हाकणार, हे त्याचं म्हणणं.

पाणी पिऊन झाल्यावर म्हणाला, "आकारामदादा, तुमी न्हाय म्हंतासा तवर मला रातीला झोप लागती."

माझ्या परीक्षेवर त्याचा इतका विश्वास आहे, हे ऐकून बरं वाटलं. या दिवसांत चांगलं बोलणारं माणूस विरळा.

ता. २३, सोमवार

सकाळी बादशहा धावत आला. "मामा, अब्बा उठंनात. अंग तव्यावानी तापलंय. काखंत गाठ आलीया."

गाडी होती, घोडी होती, हाकणारा आजारी. माझ्या हाताचा उपयोग नाही. मी म्हटलं, "जुंप मैनेला. मी शेजारी बसतो."

लालासाबला आम्ही दोघांनी उचलून पिंजरावर निजवला. नजीरा मागे त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली. गाडी त्यांच्या दारातून निघाली आणि पहिल्याच कोपऱ्यावर थांबली. बादशहा माझ्याकडे बघत होता. "डावीकडनं घिऊ?" ज्या बोळात हे पोरगं रांगलं, त्या बोळात ते मला वाट विचारत होतं.

"घे," मी म्हटलं.

पुढच्या कोपऱ्यावर परत थांबला. परत माझ्याकडे बघितलं. त्याचे हात थरथरत होते आणि ते थरथरणं लगामातून मैनेच्या तोंडापर्यंत जात होतं. घोडी पाय आपटायला लागली. शिंप्याच्या बोळाच्या तोंडाला कुणाच्या तरी सामानाने भरलेला खटारा अडकून पडला होता, म्हणून गाडी मागे घ्यायला लागली. मागचं चाक दगडावर चढलं आणि आदळलं. लालासाबने अशी किंकाळी फोडली की बादशहाच्या हातून लगामच सुटला. मी डाव्या हाताने पकडला.

"माझ्याकडं बगू नगंस," मी ओरडलो. "घोडीच्या कानाकडं बग."

"मला येत न्हाय मामा," तो म्हणाला. "तुमीच म्हंतासा की, मला येत न्हाय."

कसेबसे माळावर पोचलो. सूर्य डोक्यावर आला होता. डोली घेऊन माणसं आली, तेव्हा लालासाबने माझा हात धरला. डोळे लाल झाले होते, पण शुद्ध होती. मला जवळ ओढून हळूच बोलला, पोराला ऐकू जाऊ नये असं.

"पोराचा हात चांगला हाय दादा. मला पयल्यापास्नं ठावं हाय. तुमाला बी ठावं हाय. लई दिस राकलासा तुमी त्येला. तुमचं उपकार हायत."

मग त्याला आत नेलं.

मी इथे बसून हे लिहितो आहे आणि मला मागची पानं उलटून वाचायची भीती वाटते. हात जड. वळणावर घाई. घोडीशी बोलतो. कुठला घोडा शिकवणारा घोड्याशी बोलू नको म्हणून सांगतो? मी स्वतः जन्मभर बोलत आलो. त्याला ही खोड माझ्यापासूनच लागली.

ता. २५, बुधवार

लालासाब आज पहाटे गेला.

माळापलीकडे माती दिली. खांदा द्यायला चारच माणसं होती, त्यातला एक मी. डाव्या खांद्यावर घेतलं. बादशहा रडला नाही. सगळं होईपर्यंत आपल्या हातांकडे बघत उभा होता.

ता. २८, शनिवार

लालासाब आजारी पडल्यापासून गाडी उभी आहे. लोक आजाऱ्यांना पाठीवर, बाजेवर घालून नेतात. काल एका घराचं दार उघडलं तर आत म्हातारा-म्हातारी दोघं मेलेली. न्यायला कुणी आलंच नव्हतं. मी ती दोघं बघितली, म्हणून लिहितो. गाडी गेली असती तर जगली असती असं नाही, पण कुणीतरी दार वाजवलं असतं.

डॉक्टरसाहेब अड्ड्यावर आले. हातकणंगल्याला निरोप धाडला होता म्हणे, तिकडून कुणी गाडीवान यायला तयार नाही. "मुकादम, आता मला खरं काय ते सांगा. तो मुलगा तयार आहे की नाही?"

मी म्हटलं, उद्या सांगतो.

दुपारी नजीरा आली. या वेळी आत आली नाही, बाहेरच उभी राहिली. डोईवरचा पदर घसरला होता, तो सावरायचंही भान नव्हतं.

"भाऊ, न्हाय म्हणा," म्हणाली. "डाक्टर इचारंल तर न्हाय म्हणा. कच्चा हाय म्हणा. म्या त्या दिशी आलतो, पास करा म्हणून भांडलो, त्ये इसरून जावा. नवरा गेला. आता येवडा एक राहूंद्या."

बयाबाईने तिला हाताला धरून आत नेलं. आतून दोघींच्या रडण्याचा आवाज येत होता.

मला वाईट याचं वाटतं की आज नाही म्हणायला खोटंही बोलावं लागणार नाही. पोरगा आज खरोखरच तयार नाही. चांगला हात मी घासून घासून बिघडवून टाकला. आज कुणीही परीक्षा घेतली तरी तो नापास होईल. मी नुसतं गप्प बसलो तरी पुरे. तो घरी राहील, वाचेल, आणि त्याच्या आईचा दुवा मला लागेल.

ता. २९, रविवार

सकाळी अड्ड्यावर गेलो तर बादशहा मैनेच्या खुरातली माती काढत बसला होता. मला बघून उठला नाही. खाली मान घालूनच म्हणाला, "मामा, एक इचारू?"

"इचार."

"त्या दिशी गाडी आपटली नसती, येळ लागला नसता, तर अब्बा वाचला असता न्हवं?"

मी मैनेच्या पाठीवरून हात फिरवत राहिलो.

"माझ्या हातानं अब्बाला मारलं," तो म्हणाला. अगदी थंडपणे म्हणाला. "तुमी सांगत हुतासा, मला कळत नव्हतं. आता ह्या हातात परत लगाम धरणार न्हाय."

नजीरा जे मागत होती ते मला आयतं मिळालं होतं. मी "बरं" म्हणायचं आणि घरी यायचं, बस. पोरगं जन्मभर जगलं असतं. पण जगलं असतं ते बापाला मारलं असं समजत. मी ते बघत त्याला भाकरी वाढली असती.

"तुझा हात चांगला हाय," मी म्हटलं.

त्याने वर बघितलं.

"पयल्या दिशी घागरीतला थेंब सांडला नव्हता. दुसऱ्या बारीला बी न्हाय. तू तवाच तयार हुतास. मी खोटं बोललो."

"का?"

"तू त्या गाडीवर बसाय नगं हुतास मला. भीत हुतो. भीत हुतो त्ये मलाच कळत नव्हतं, मला वाटायचं तुझंच चुकतंय. मग माझ्याकडं बगून बगून तुझा हात बिगडला. ती गाडी तू न्हाय आपटलीस, बादशा. म्या आपटली. आन् तुझ्या बाला काखंत गाठ आलती. त्यो गाडी न आपटता बी गेलाच असता."

 तो उठला आणि खुरातली माती काढायचा हातातला आकडा त्याने भिंतीवर फेकून मारला. मैना दचकली.

"म्या रोज रातीला दगडावर हात आपटत हुतो मामा," तो ओरडला. "ह्यो हात! हाड ठणकंस्तवर आपटत हुतो. आई उटली की झोपल्याचं सोंग घ्यायचो. आन् तुमी..."

 मी त्याला जवळ घ्यायला गेलो तर तो मागे सरकला. सरकला ते बरोबरच केलं.

थोड्या वेळाने तो मैनेच्या गळ्याला लागून काहीतरी बोलला आणि तिला बाहेर काढून गाडीला जुंपली. मी घागर भरायला वळलो, तर म्हणाला, "घागर नगं. परीक्षा नगं." एकटाच गाडी घेऊन गेला. मी अड्ड्याच्या दारातून बघत होतो. शिंप्याच्या बोळात गाडी आत गेली, आणि बऱ्याच वेळाने मागे सरकत बाहेर आली. भिंतीला कुठे घासली नाही. बोळातली कुत्रीसुद्धा उठली नाहीत.

डॉक्टरसाहेबांकडे स्वतः गेलो. म्हटलं, तयार आहे. पण आधी त्याला टोचा, त्याचा ताप उतरू द्या, मगच गाडी द्या. एवढी एक अट मी घातली आणि त्यांनी मान्य केली.

ता. १ नोव्हेंबर, बुधवार

बादशहाचा ताप उतरला. आज पहिली फेरी.

बिल्ला मी त्याच्या हातात ठेवला. त्याने तो सदऱ्याला लावला, माझ्याकडे न बघता. नजीरा अड्ड्याबाहेर उभी होती. मला म्हणाली, "तुमचं सवताचं लेकरू असतं तर धाडलं असतासा?"

 माझंच आहे असं वाटत होतं म्हणून तर इतके दिवस अडवून ठेवलं, हे कुठल्या तोंडाने सांगणार? तिचा नवरा त्यात खपला.

गाडी निघाली. मी सवयीने शेजारी चालायला लागलो. चाकाकडे लक्ष, हाताकडे लक्ष. कोपऱ्यावर बादशहाने मैनेला थांबवलं आणि प्रथमच माझ्याकडे नीट बघितलं. राग होता की नव्हता, मला सांगता येत नाही.

"मामा, तुमी बगाय येत जाऊ नगासा," तो म्हणाला. "तुमी बगाय लागला की तुमची भीती माझ्या हातात उतरती."

मी तिथेच थांबलो. गाडी वळली.

ता. ४, शनिवार

तीन दिवस झाले, गाडी निघायच्या वेळी मी घरातच बसतो. बयाबाई दारात उभी राहून बघते आणि मला सांगते. सकाळी म्हणाली, "गेला. ताठ बसलाय." दुपारी म्हणाली, "आला. तोंड धुतोय." आता तो दिवसातल्या शेवटच्या फेरीला गेला आहे. चाकांचा आवाज माळाच्या बाजूला गेला तो मीही ऐकला. बयाबाई अजून दारातच आहे आणि मी भिंतीकडे तोंड करून बसलो आहे.